सांकड आणि निवाडा : ‘संकट’ या शब्दाचा आढावा

हुबळीच्या कमरीपेठेत एका गल्लीत तीन बोली कानावर पडतात. पट्टेगार घरांतून खत्री, दुकानाच्या गल्ल्यावर कन्नड आणि आमच्यासारख्यांच्या घरात मराठी. शेजारच्या आजी परवा दारात बसून म्हणाल्या, “सकाळपासून पोटात संकट होतंय गं.” पुण्याहून आलेली माझी भाची चपापली. तिच्या मराठीत संकट देशावर येतं, घरावर येतं, फार तर माणसावर येतं. पोटात होत नाही. आजींच्या मराठीत कन्नडचा ‘संकट’ मुरलेला आहे आणि कन्नडमध्ये तो जिवाच्या तगमगीचा, कळवळ्याचा, पोटातल्या कालवाकालवीचा शब्द आहे. कन्नडमधली घरोघरची म्हण ‘संकट बंदाग वेंकटरमण’, म्हणजे जीव कासावीस झाला की देव आठवतो, तीही याच अर्थाची.

इंग्रजी ‘क्रायसिस’साठी मराठीने निदान पाच शब्द वापरून पाहिले आहेत: संकट, अरिष्ट, पेचप्रसंग, आणीबाणी, आपत्ती. वर्तमानपत्रात ते एकमेकांच्या जागी येतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. जगभरच्या इतिहासकारांत आणि समाजशास्त्रज्ञांत ‘क्रायसिस’च्या अर्थावर पन्नास-साठ वर्षे वाद चालू आहे. तो वाद आणि आपले शब्द शेजारी ठेवून आज आपण कुठे आहोत ते पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू.

ग्रीक मूळ : निवडणे

‘क्रायसिस’ आला ग्रीक ‘क्रिसिस’वरून आणि त्याच्या मुळाशी आहे ‘क्रिनेइन’ हे क्रियापद. त्याचा अर्थ वेगळे करणे, पारखणे, निर्णय देणे. टीकाकाराला ‘क्रिटिक’ आणि निकषाला ‘क्रायटेरियन’ म्हणतात ते याच कुळातले. लॅटिनमध्ये चाळणीला ‘क्रिब्रुम’ म्हणतात, त्याचे मूळही हेच मानले जाते. शब्दाच्या तळाशी धान्य चाळण्याची क्रिया आहे.

ग्रीकांनी हा शब्द मुख्यतः दोन ठिकाणी वापरला. पहिले ठिकाण न्यायासन. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये नागरिकाची व्याख्या केली ती अशी की, न्यायनिवाड्यात आणि अधिकारपदात ज्याचा वाटा तो नागरिक. तिथला न्यायनिवाडा म्हणजे ‘क्रिसिस’. बायबलच्या ग्रीक पाठात अखेरच्या न्यायासाठी हाच शब्द आहे आणि मराठी बायबलात तिथे ‘न्यायाचा दिवस’ येतो. एकाच ग्रीक शब्दाचे मराठीत एकीकडे ‘न्याय’ आणि दुसरीकडे ‘संकट’ असे दोन अवतार झाले, हे सहसा लक्षात येत नाही.

दुसरे ठिकाण रोग्याचा बिछाना. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांत ‘क्रिसिस’ म्हणजे रोग ज्या घटकेला वळण घेतो ती घटका. त्यानंतर रोगी बरा होण्याकडे झुकतो किंवा मरणाकडे. त्यासाठी चौथा, सातवा, अकरावा, चौदावा असे दिवस मोजले जात. गेलेनने या निर्णायक दिवसांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या डॉक्टरांना हा अर्थ रोजच्या कामातला होता. न्यूमोनियाचा ताप सातव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास दरदरून घाम फुटून एकदम उतरला तर ते ‘क्रायसिस’ म्हणत, हळूहळू उतरला तर ‘लायसिस’. म्हणजे ‘क्रायसिस’मध्ये ताप उतरण्याचीही शक्यता होती. आज ही बाजू जवळजवळ पुसली गेली आहे.

लॅटिनमार्गे हा शब्द युरोपीय भाषांत वैद्यकातूनच शिरला आणि सतराव्या शतकापासून राज्याच्या व समाजाच्या प्रकृतीला लावला जाऊ लागला. टॉमस पेनने १७७६ साली अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात ‘द अमेरिकन क्रायसिस’ या नावाने पत्रके काढायला सुरुवात केली, तोपर्यंत शब्द पुरता राजकीय झाला होता.

संकट : अरुंद जागा

आपला ‘संकट’ निघतो तो वेगळ्या जागेवरून. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात सम्, प्र, उद् आणि वि या उपसर्गांना ‘कटच्’ प्रत्यय लावून संकट, प्रकट, उत्कट, विकट ही रूपे साधली आहेत. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांचा एक पक्ष यांतल्या ‘कट’कडे ‘कृत’चे प्राकृत रूप म्हणून पाहतो. विकट म्हणजे विकृत, प्रकट म्हणजे प्रकृत, अशी ती मांडणी. विकट आणि प्रकट यांना ती चांगली लागू पडते, संकटाच्या बाबतीत तितकी सहज नाही. अर्थाबद्दल मात्र दुमत नाही. संस्कृतात संकट म्हणजे दाटीचे, अरुंद, चेपलेले. अमरकोशात त्याच्या जोडीला ‘संबाध’ आहे आणि त्याचाही अर्थ दाटी. डोंगरातली चिंचोळी वाट ती संकट वाट.

मराठीत हा मूळ अर्थ ‘सांकडे’ या तद्भव रूपात जिवंत राहिला. जुन्या मराठीत सांकडे म्हणजे अरुंदही आणि अडचणही. आज ‘देवीला साकडे घालणे’ एवढ्यापुरता तो उरला आहे. आमच्या दाजीबान पेठेतल्या तुळजाभवानीच्या देवळात मंगळवारी-शुक्रवारी ओटी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका साकडे घालायलाच आलेल्या असतात. आपली अडचण देवीपुढे ठेवायची आणि तिलाही त्यात गुंतवायचे, असा त्या शब्दाचा भाव. महिन्याच्या ‘संकष्टी’लाही लोक सर्रास ‘संकट चतुर्थी’ म्हणतात. संकष्ट हा ‘कष्ट’पासूनचा वेगळा शब्द आहे, पण लोकांनी दोघांना एका घरात नांदायला लावले.

आजूबाजूचे शब्द पाहिले की हे चित्र पक्के होते. ‘अडचण’ ही अडचणीची जागाही असते आणि पैशाची अडचणही. ‘कोंडी’ चौकात होते आणि वाटाघाटीतही. फारसीतून आलेला ‘तंग’ म्हणजे घट्ट, अरुंद आणि त्यापासून ‘तंगी’. कन्नडमध्ये ‘इक्कट्टु’ म्हणजे दाटीची जागा आणि माणूस सापडतो तो पेचही. ‘क्रायसिस’साठी कन्नड वर्तमानपत्रे वापरतात तो शब्द ‘बिक्कट्टु’. जर्मन ‘आंग्स्ट’ म्हणजे भीती, तीही अरुंदपणाच्याच मुळातून आली. तेव्हा ही काही केवळ आपल्याकडची कल्पना नव्हे. जीव घाबरला की छाती आवळते, हा अनुभव सगळ्यांचा एकच.

फरक नीट मांडायचा तर असा: ग्रीक शब्द वेळेचा आहे, आपला जागेचा. क्रिसिस विचारते, आता काय ठरणार? संकट सांगते, हलायला जागा नाही.

अरिष्ट, प्रसंग, आणीबाणी

‘संकट’ अपुरा वाटला तेव्हा मराठीने इतर शब्दांकडे हात पुढे केला. ‘अरिष्ट’ त्यांतला सर्वांत गुंतागुंतीचा. व्युत्पत्तीने तो ‘अ-रिष्ट’, म्हणजे इजा न झालेला. आयुर्वेदात मात्र अरिष्ट म्हणजे मृत्यूची पूर्वचिन्हे आणि चरकसंहितेचे बारा अध्यायांचे इंद्रियस्थान त्यांच्यासाठीच आहे. सुरक्षित असा अर्थ असलेला शब्द अनिष्टाचा कसा झाला? अशुभाला शुभ नाव देण्याची रीत हे त्याचे एक स्पष्टीकरण. बांगडी फुटली तर आपण ‘वाढवली’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय कपाटातल्या दशमूलारिष्टाच्या बाटलीवर हाच शब्द आंबवलेल्या काढ्यासाठी छापलेला असतो. मरणाची खूण आणि औषध, दोन्ही एकाच नावाने.

चरकात ग्रीक ‘क्रिसिस’ची कल्पना नाही असे मात्र नाही. संतत ज्वराला सात, दहा किंवा बारा दिवसांची मुदत सांगितली आहे. त्या मुदतीत ताप शमतो किंवा रोग्याचा घात करतो. गावोगाव ‘मुदतीचा ताप’ म्हणतात त्यामागचा अनुभवही हाच. कल्पना होती, तिला एका शब्दात बांधले गेले नाही.

विसाव्या शतकात डाव्या विचाराच्या मराठी लेखकांनी ‘भांडवलशाहीचे अरिष्ट’ हा प्रयोग रूढ केला आणि त्यातून पुढे ‘शेतीचे अरिष्ट’ आले. ‘संकट’ बाहेरून कोसळल्यासारखे वाटते, तर ‘अरिष्ट’ व्यवस्थेच्या आतल्या दुखण्याची खूण, असा भेद त्यांना हवा होता. आयुर्वेदातल्या चिन्हाच्या अर्थाशी तो जुळतोही.

‘प्रसंग’ हा मराठीचा खास शब्द. प्रसंग गुदरतो, ओढवतो, बाका असतो. फारसी ‘पेच’ त्याला जोडून पेचप्रसंग झाला. ‘प्रसंगावधान’ या शब्दात तर वेळ ओळखून चटकन निर्णय घेण्याचा गुणच सांगितला आहे. ग्रीक अर्थाच्या सर्वांत जवळ मराठी जाते ती इथे आणि ‘धर्मसंकटा’त. धर्मसंकटात वाट अरुंद असतेच, शिवाय दोनपैकी एक निवडल्याशिवाय सुटका नसते.

‘आणीबाणीची वेळ’ हा प्रयोगही जुना. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळानंतर मात्र तो एका घटनेचे नाव होऊन बसला. हिंदीने तिथे ‘आपातकाल’ घेतला. कन्नडने ‘तुर्तु परिस्थिती’ म्हटले आणि त्या ‘तुर्तु’त आपला ‘तूर्त’ ओळखू येतो. ‘आपत्ती’ म्हणजे येऊन पडणारी गोष्ट. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर ती पूर, भूकंप, वादळ यांच्यासाठी सरकारी शब्द झाली.

चार भूमिका

पहिली भूमिका शब्दाचा नेमकेपणा राखणाऱ्यांची. जर्मन इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांचे ‘क्रिटीक उंड क्रिझे’ हे पुस्तक १९५९ साली आले आणि ‘क्रिझे’ या शब्दावरची त्यांची दीर्घ कोशनोंद १९८२ साली. त्यांच्या मते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आधुनिक माणूस आपला काळ समजून घेण्यासाठी हाच शब्द वापरू लागला. पण तो इतका पसरला की निर्णय भाग पाडण्याची त्याची जुनी धार गेली. जे वर्षानुवर्षे चालते आणि ज्यात काहीच ठरत नाही, त्याला क्रायसिस म्हणणे या दृष्टीने सैलपणाचे ठरते.

दुसरी भूमिका रचनेकडे पाहणाऱ्यांची. मार्क्सपासून चालत आलेल्या या विचारात अरिष्टे अपघाताने येत नाहीत, भांडवली अर्थव्यवस्थेच्या आतल्या विसंगतींतून ती पुन्हा पुन्हा उद्भवतात. आमच्या भागाला याचा अनुभव जुना आहे. १८६१ ते ६५च्या अमेरिकी यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा धारवाड-अमेरिकन कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि १८६५ साली मुंबईतल्या शेअरबाजारात पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. हुबळीच्या शेतकऱ्याचे नशीब सातासमुद्रापलीकडच्या लढाईला बांधले गेले होते. दुखणे लांबले म्हणून ते दुखणे उरत नाही का, असा या पक्षाचा पहिल्या पक्षाला सवाल आहे.

तिसरी भूमिका विचारते, हा शब्द उच्चारतो कोण आणि उच्चारल्याने होते काय? मानववंशशास्त्रज्ञ जॅनेट रॉइटमन यांनी ‘अँटी-क्रायसिस’ (२०१३) या पुस्तकात मांडले की, क्रायसिस ही आपोआप दिसणारी वस्तुस्थिती नसते, ते एक विधान असते. ते केले की काही प्रश्न पुढे येतात आणि काही मागे पडतात. राज्यघटनेतला एक बदल या संदर्भात आठवतो. १९७५ची आणीबाणी ‘अंतर्गत अशांतता’ या कारणावर जाहीर झाली. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ मधून ते शब्द काढून ‘सशस्त्र उठाव’ घातला. आणीबाणी म्हणावे असे नेमके कशाला, हे देशाने दोन शब्द बदलून ठरवले.

चौथी भूमिका लोकप्रिय आहे: संकट म्हणजे संधी. तिच्या पुष्ट्यर्थ चिनी ‘वेइजी’ हा शब्द धोका आणि संधी यांचा मिळून बनला आहे असे सांगितले जाते. जॉन केनेडींनी १९५९ साली भाषणात हे वापरले आणि ते जगभर पसरले. चिनी भाषेचे अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी दाखवून दिले की इथल्या ‘जी’चा अर्थ संधी नसून मोक्याची, नाजूक घटका असा आहे. व्युत्पत्ती चुकीची ठरली तरी या भूमिकेत काहीच तथ्य नाही असे म्हणता येत नाही. १९७२च्या दुष्काळाच्या धगीत महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने आकार घेतला. संधी शब्दात नसते, कुणी काय ठरवले त्यात असते, एवढी दुरुस्ती करून ही भूमिका समजून घेता येते.

यांत अलीकडे ‘पॉलिक्रायसिस’ची भर पडली आहे. एदगार मोरँ आणि आन ब्रिजित केर्न यांनी १९९३ साली वापरलेला हा शब्द इतिहासकार ॲडम टूझ यांच्यामुळे २०२२च्या सुमारास सर्वतोमुखी झाला. हवामान, महासाथ, युद्ध, महागाई ही संकटे एकमेकांत अडकून परस्परांना वाढवतात, हा त्याचा आशय. पहिल्या पक्षाला ही शब्दाची आणखी एक पातळ आवृत्ती वाटते, दुसऱ्याला ती वास्तवाची कबुली वाटते.

दोन प्रसंग जवळून

प्लेग १८९६ साली मुंबईत आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, पुण्यात घरझडत्यांच्या सक्तीने लोक होरपळले आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या वर्षी हुबळीत साथ भडकली, तेव्हा गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती. मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये स्वतःच्या अंगावर घेतलेली लस इथे मोठ्या प्रमाणावर टोचली गेली आणि तीस हजारांहून अधिक लोकांनी ती घेतली. लस नवी, टोचणारा परका आणि काखेत गाठ दिसली की काही दिवसांत माणूस जायचा. गाठीच्या रोगाच्या त्या महिन्यांत घरातल्या कर्त्याला ठरवावे लागत होते: टोचून घ्यायचे, की गाव सोडून माळावर झोपडी बांधायची, की देवावर हवाला ठेवायचा. संकट आणि क्रिसिस, दोन्ही अर्थ एका उंबरठ्यावर आले होते. पुण्यातली सक्ती आणि हुबळीतले टोचणे यांची तुलना इतिहासकारांना खुणावते ती यामुळेच. साथ एकच होती, पण तिच्या नावाने निर्णय कोणी घ्यायचा हे दोन गावांत वेगळे ठरले.

दुसरा प्रसंग दुष्काळाचा. पाऊस गेला हे शेतकऱ्याला आभाळाकडे बघून कळते. दुष्काळ मात्र जाहीर व्हावा लागतो. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे आणेवारी त्यासाठी निकष होती. पीक रुपयात किती आणे हे पाहायचे आणि पुढे पैसे आल्यावर ५० पैशांच्या आत आले की दुष्काळी गाव. २०१६च्या केंद्रीय नियमपुस्तिकेने पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारे पिकाचे आच्छादन असे निर्देशांक आणले. २०२३ साली कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले आणि मदतीचा वाद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘टंचाई’, ‘दुष्काळसदृश परिस्थिती’, ‘दुष्काळ’ या शब्दांत शेतकऱ्याच्या दृष्टीने कर्जवसुली थांबण्याचा, फी माफ होण्याचा, चारा छावणी उघडण्याचा फरक असतो. निकष लावून दिलेला तो निवाडाच आहे, अगदी ग्रीक अर्थाने.

काय सुटलेले नाही

तीन प्रश्न अजून उघडे आहेत. पहिला काळाचा. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या शेतकरी आत्महत्यांना संकट म्हणावे का? म्हटले तर शब्दातली निकड बोथट होते, न म्हटले तर ती परिस्थिती नेहमीचीच म्हणून स्वीकारल्यासारखे होते. दुसरा अधिकाराचा. संकट जाहीर करण्याचा हक्क ज्याच्या वाट्याला ते आले त्याचा, की निकष ज्याच्या हातात आहे त्याचा? तिसरा भाषेचा. ‘क्रायसिस’ला मराठीत एकच शब्द पक्का करावा, की प्रसंगानुसार वेगवेगळे शब्द वापरावेत? एक शब्द ठरला तर शास्त्रीय लेखनात गोंधळ टळेल. अनेक ठेवले तर अरुंदपणा, पूर्वचिन्ह, वेळ आणि निर्णय या छटा जगतील. कोशकारांना पहिला मार्ग सोयीचा आहे, मला दुसरा जवळचा वाटतो.

पण कोणताही मार्ग घेतला तरी एक गोष्ट मराठीच्या हाताशी आहे आणि तिचा उपयोग झालेला नाही. ‘क्रिनेइन’ला मराठीत तंतोतंत जोड आहे: निवडणे. आपण तांदूळ निवडतो आणि उमेदवारही निवडतो. त्याच कुळातला शब्द ‘निवाडा’. संस्कृतातला ‘विवेक’ही वेगळे करणे या धातूवरूनच आला. ग्रीकांनी धान्य चाळण्यापासून क्रायसिसपर्यंत एकच धागा ओढला. आपण संकट एका घरात ठेवले आणि निवाडा दुसऱ्यात, म्हणून ‘संकट आले’ असे म्हटल्यावर ‘मग ठरले काय?’ हा प्रश्न आपल्या तोंडी आपोआप येत नाही. तो मुद्दाम विचारावा लागतो: शेताबद्दल, पाण्याबद्दल, दवाखान्याबद्दल. कुठे अडले आहे एवढे सांगून थांबायचे नाही. निवाडा कोणी करायचा आणि किती दिवसांत, हेही विचारायचे.

आजींच्या पोटातले संकट दुपारपर्यंत शमले. संध्याकाळी त्या पुन्हा दारात होत्या. मांडीवर सुपात तूरडाळ घेऊन त्या खडे वेचत होत्या आणि भाची शेजारी बसून ताटलीत ते गोळा करत होती. “नीट बघ,” आजी तिला सांगत होत्या, “उजेड आहे तोवर निवडून झालं पाहिजे.”